सँडोचे डंबेल्स, औंधचे नमस्कार आणि आमच्या घरातली दहावी

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित एपिसोड. बोलताना जिथं अडखळलो, पाणी प्यायलो, कुकरची शिट्टी झाली ते सगळं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका फोननं झाली. जून महिन्यातली गोष्ट. ताईचा फोन आला. माझा भाचा आता दहावीत गेलाय. ताई म्हणाली, "तू त्याला सांग. तुझं ऐकतो तो. एक वर्ष कबड्डी बंद. एकच वर्ष. नंतर खेळ म्हणावं हवं तितकं."

मी म्हटलं, "ताई, नंतर कोणी खेळत नाही गं."

तर ती म्हणाली, "का? तुझंही दहावीत बंदच केलं होतं ना बाबांनी? काय वाईट झालं तुझं? बीटेक झालास, नोकरी लागली."

आता यावर काय बोलणार? नोकरी लागली हे खरंच आहे. त्या नोकरीत दिवसाला दहा तास खुर्चीत बसून अठ्ठाविसाव्या वर्षी फिजिओथेरपीच्या चकरा मारतोय, हेही खरं आहे. पण आईवडिलांच्या पिढीत पाठदुखी ही नोकरीची सोबतीणच समजतात, त्यामुळे तो मुद्दा चालत नाही. मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. आणि मग माझं नेहमीचं सुरू झालं, म्हणजे उत्तर सापडलं नाही की जुनं काहीतरी वाचत बसायचं. पोरांच्या अंगात ताकद कुठून येते, कोणामुळे येते, आणि कोणामुळे जाते, या प्रश्नाचा माग काढत मी जाऊन पोचलो आमच्याच आजोबांच्या शाळेत.

आमचे आजोबा मूळचे कुंडलचे. आज ते सांगली जिल्ह्यात येतं, पण तेव्हा ते औंध संस्थानात होतं. औंध म्हणजे पुण्याचं औंध नव्हे हं, सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. संस्थान छोटंसं, ७२ गावांचं, तेही एका जागी सलग नाही. औंध इथं, आटपाडी तिकडे, कुंडल तिसरीकडे. पण या एवढ्याशा संस्थानात किती गोष्टी घडाव्यात! १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळ जागा दिली ती औंधच्या राजानं, तीच आजची किर्लोस्करवाडी. गदिमा औंधच्या शाळेत शिकले. आणि आज शाळाशाळांतून जो सूर्यनमस्कार घालतात, त्याचा प्रचार जगभर पोचवणारा माणूसही तिथलाच. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणायचे. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ मध्ये, वारले १९५१ साली. बीए झालेले, चित्रं काढणारे, कीर्तन करणारे, १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. एका माणसात इतकं सगळं बघितलं की मला माझ्या लिंक्डइन प्रोफाइलची लाज वाटते.

तर या बाळासाहेबांची व्यायामाची गोष्ट सूर्यनमस्कारापासून सुरू होत नाही. ती सुरू होते युजेन सँडोपासून.

सँडो हा तेव्हाचा सुपरस्टार. जर्मनीत, म्हणजे तेव्हाच्या प्रशियातल्या कोनिग्सबर्गमध्ये, १८६७ साली जन्मलेला. लंडनमध्ये रंगमंचावर उभा राहून स्नायू दाखवायचा आणि लोक तिकीट काढून बघायला जायचे. त्याचं पुस्तक निघालं, पोस्टानं व्यायामाची साधनं विकायचा धंदा निघाला, स्प्रिंगचे डंबेल्स निघाले. आजचे फिटनेस इन्फ्लुएन्सर जे करतात ते सगळं त्यानं सव्वाशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय, फक्त कूपन कोड नव्हता. आपण आतमध्ये जो घालतो त्या बिनबाह्यांच्या बनियनला 'सँडो' म्हणतो ना, तो हाच सँडो.

बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमारास सँडोची साधनं मागवली आणि जवळजवळ दहा वर्षं नेमानं त्याच्या पद्धतीनं व्यायाम केला. मला हे फार आवडतं. कारण आपल्या डोक्यातलं चित्र असतं की राजेसाहेब म्हणजे लहानपणापासून परंपरेनं पहाटे नमस्कार घालणारे. तर तसं नाही. तिशीतला एक राजपुत्र बंद खोलीत इंग्लंडहून आलेले डंबेल्स उचलतोय. आपल्यातला प्रत्येक जण ज्यानं लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन डंबेल्स मागवले, तो इथं बाळासाहेबांचा भाऊबंद आहे. फरक एवढाच की त्यांनी दहा वर्षं चालवलं, आणि आपले कपाटाखाली गेले.

मग १९०८ मध्ये गाडी वळली. कशानं? एका मित्रानं. मिरजेचे संस्थानिक, तेही बाळासाहेबच, त्यांनी सुचवलं की हे सोडा आणि सूर्यनमस्कार घाला. चाळिशीला आलेला माणूस दहा वर्षांची सवय सोडतो, ती कुठल्या ग्रंथामुळे नाही, वैद्यामुळे नाही, तर आपल्या बरोबरीच्या दोस्तानं सांगितलं म्हणून. नमस्कार घराघरांत आधीपासून होतेच. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत असं परंपरा सांगते. पण ते देवघरातलं, व्रतातलं काम होतं. त्याला रोजच्या व्यायामाचं रूप देऊन, ठरावीक स्थिती, ठरावीक श्वास, बीजमंत्र असं बसवून, पुस्तक लिहून, घराघरांत आणि शाळेत नेणं हे काम औंधचं. १९२८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. पुढं लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी त्यांच्याशी बोलून लंडनच्या वर्तमानपत्रात लिहिलं आणि १९३८ साली तेच पुस्तक नव्या नावानं लंडनहून निघालं. सँडो लंडनहून औंधला आला होता, आता औंधचे नमस्कार लंडनला गेले. हिशोब चुकता!

आता माझा अंदाज सांगतो, पटला नाही तर कमेंटमध्ये भांडा. डंबेल्स एका वेळी एकच माणूस उचलतो. तो विकत घ्यावा लागतो, आणि घरात एकाच्या मापाचा असतो. नमस्काराला लागते एका माणसाच्या लांबीची जमीन. म्हणजे ओसरीवर शेजारी शेजारी अख्खं घर उभं राहू शकतं. बाळासाहेबांच्या घरात तेच झालं. राणीसाहेब घालायच्या, मुलं घालायची. त्यांचे एक चिरंजीव अप्पासाहेब पंत, जन्म १९१२, पुढं स्वतंत्र भारताचे मोठे राजनैतिक अधिकारी झाले, आफ्रिकेत, सिक्कीममध्ये, लंडनमध्ये राहिले. त्यांनी १९७० मध्ये स्वतः सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिलं. लहानपणी वडिलांबरोबर घातलेला नमस्कार माणूस इतकी वर्षं, इतक्या देशांतून घेऊन फिरतो.

आणि संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. मुलांना आणि मुलींनाही.

इथं आमचे आजोबा येतात. ते कुंडलच्या शाळेत होते तेव्हा रोज सकाळी मैदानावर रांगा लागायच्या. मास्तर पुढं. ते सांगायचे, "ह्रां ह्रीं म्हणताना आम्हाला हसू यायचं, आणि हसला की छडी." मी एकदा विचारलं होतं, "सगळे मनापासून घालायचे का?" तर म्हणाले, "छ्या! मास्तरांची पाठ फिरली की निम्मी पोरं पालथी पडून राहायची."

मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. राजा गेला, सक्ती गेली. आजोबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. त्यांच्या वर्गातल्या बहुतेकांनी त्याच वर्षी नमस्कार सोडले. आजोबांनी नाही सोडले. ते एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत घालत होते, शेवटी शेवटी फक्त तीन, भिंतीला धरून, पण घालत होते. लहानपणी मला वाटायचं की ही राजाची कृपा. पण मोठा झाल्यावर एकदा नीट विचारलं तेव्हा वेगळंच निघालं. त्यांचे दोन दोस्त होते, गल्लीतलेच. शाळा सुटली तरी हे तिघं पहाटे उठून आधी नमस्कार घालायचे आणि मग विहिरीवर पोहायला जायचे. विहिरीत उड्या मारायच्या हे खरं आमिष. नमस्कार हा त्याचा टोल. "सकाळी दारात येऊन हाक मारायचा तो. उठलो नाही तर आईसमोर शिव्या घालायचा. मग काय करतोस, उठायलाच लागायचं."

मंडळी, हे वाक्य मी जून महिन्यात परत आठवलं आणि थांबलो. सक्तीनं शिकवलं, हे खरं. पण टिकवलं त्या दाराशी येणाऱ्या पोरानं.

आजीचं मात्र वेगळं. ती औंध संस्थानाबाहेरची, शेजारच्याच ब्रिटिश मुलखातली. पंधरा-वीस कोसांचा फरक, पण तिकडे मुलींना शाळेत व्यायाम वगैरे काही नव्हतं. तिची थोरली नणंद, म्हणजे आजोबांची बहीण, नमस्कार घातलेली मुलगी. आजी म्हणायची, "तिला वाकायला सांगितलं तर अशी वाकायची, आणि आम्ही बघत बसायचो." आजी काय कमी कष्टाची नव्हती. पाणी आणलं, दळलं, शेतात राबली. पण ते काम होतं. तिला पोहायला शिकायचं होतं, आणि विहिरीवर भाऊ जायचे, ती कपडे धुवायला काठावर. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही मी स्विमिंगचा क्लास बुडवला म्हणून रागावून.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या मुलांचा आकडा काढला. रोज एक तास शरीर हलवायला हवं हा निकष. १०० पैकी ८१ जण त्यात बसत नाहीत. मुलगे ७८, मुली ८५. मी तो तक्ता बघताना मला काठावर बसलेली आजी दिसली, दुसरं काही नाही.

बरं, आता औंधपासून थोडं खाली, कराडकडे येऊ. गोळेश्वर. हे नाव ऐकून तुम्ही ओळखलं असेलच. खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारा माणूस. १९५२, हेलसिंकी, फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट, कांस्य. पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं. मध्ये ४४ वर्षं!

खाशाबांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, त्यामुळे पदकाचा भाग मी पटकन सोडतो. मला बघायचं होतं ते त्याआधीचं घर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. म्हणजे कुस्ती शिकायला कुठं जायची गरजच नव्हती, ती घरातच होती. धाकट्या भावाला थोरले भाऊ कसे 'ट्रेनिंग' देतात हे ज्यांना थोरले भाऊ आहेत त्यांना मी सांगायला नको. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, कॉलेज कोल्हापुरात, राजाराम कॉलेज. आणि कोल्हापूर म्हणजे तालमींचं गाव. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून तिथं उभं आहे, आणि पेठापेठांत तालमी.

तालीम म्हणजे काय हे जिममध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला थोडं सांगायला पाहिजे. तालमीत आरसे नसतात. असतो तो हौदा, लाल मातीचा, त्यात ताक, तेल, हळद घालून मळलेली माती. पहाटे उठायचं, माती उकरायची, जोर मारायचे, बैठका, सपाट्या. आणि मग जोडीदार. एकट्यानं कुस्ती होतच नाही. तुझा जोडीदार आज आला नाही तर तुझीही मेहनत गेली. म्हणून तालमीत कोणी दांडी मारली की बाकीचे त्याच्या खोलीवर जातात. वस्तादांनी सांगावं लागत नाही. आणि खुराक घरचा. दूध, तूप, बदाम, थंडाईचं सामान. गावाकडून बाप डबा-किटली घेऊन एसटीनं येतो. एक पोरगं तालमीत राहायचं म्हणजे घरात एका म्हशीचं दूध विकायचं नाही, असा सरळ हिशोब असतो. पोराच्या दंडात जी ताकद दिसते ना, ती बऱ्याचदा घरातल्या बाकीच्यांच्या ताटातून आलेली असते. धाकटी बहीण त्या दुधाच्या वाट्याला येत नाही, हेही लक्षात ठेवा.

१९४८ ला लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले, खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांची मदत. सहावे आले. मॅटवर खेळायची सवय नसताना! १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावानं, कराडकरांनी वर्गणी काढली. परत आले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली असं सांगतात. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून खर्डेकर सरांचे पैसे फेडले. पुढं पोलीस खात्यात गेले. १९८४ साली अपघातात वारले. सरकारी कौतुक बऱ्याच गोष्टींसारखं उशिरा आलं, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर.

कॉलेजच्या प्राचार्यानं पोराच्या खेळासाठी घर गहाण टाकलं. आता मी माझ्या दहावीकडे येतो.

आमची कबड्डीची टीम होती. सातजण आणि दोन राखीव. मी उजवा कोपरा. कव्हरला होता तो माझ्या बाकावरचा, आमची साखळी अशी पक्की की रेडर मध्ये शिरला की संपला. नववीच्या उन्हाळ्यात माझ्या घरी ठरलं की खेळ बंद, संध्याकाळी क्लास. बाबांनी एका वाक्यात सांगितलं. रागावले नाहीत, मारलं नाही, त्यांना माझं भलंच हवं होतं. त्याच आठवड्यात अजून दोघांच्या घरी तसंच ठरलं, कारण आमच्या आया भाजी आणायला एकत्र जायच्या. म्हणजे दोस्तांचं बघून पोरं बिघडतात म्हणतात ना, तसं एकमेकांचं बघून आईबापही ठरवतात. नऊतले तीन गेले, उरले सहा. सहाजणांची कबड्डी होत नाही. त्या उरलेल्या सहाजणांच्या घरी कोणीच खेळ बंद केला नव्हता, तरी त्यांचाही बंद झाला. यातला एकजण जिल्ह्याच्या निवड चाचणीला जाणार होता. तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मला तेव्हा कळलंच नाही का.

हे सगळं डोक्यात घेऊन मी जुलैमध्ये ताईकडे गेलो. औंध, खाशाबा, १०० पैकी ८१, सगळी तयारी करून. ताई पोळ्या लाटत होती. मी बोलत राहिलो, ती लाटत राहिली. मी म्हटलं, "आठवड्याला तीनच दिवस जाऊ दे. मंगळवार, गुरुवार, रविवार. त्याच्या टीममधल्या बाकीच्यांच्या आयांशी मी बोलतो, क्लासच्या वेळा बघून ठरवू."

ती म्हणाली, "मला औंध-बिंध सांगू नकोस." मग पोळी तव्यावर टाकली आणि मागं न बघता म्हणाली, "माझं नववीत नव्हतं बंद झालं. माझं सातवीत. खो-खो. तालुक्याला जाऊन आले होते. तुझं दहावीला बंद केलं तेव्हा घरात आठ दिवस चर्चा होती. माझं कधी बंद झालं ते तुला माहीत तरी आहे का?"

नव्हतं माहीत. खरंच नव्हतं. मी तेव्हा पहिलीत असेन. मला फक्त तिचा एक फोटो आठवतो, शाळेच्या खांबाला हात लावून उभी, गुडघे मातीनं लाल. मला वाटायचं तो स्नेहसंमेलनाचा फोटो आहे. आजी काठावर बसलेली मला तक्त्यात दिसली, आणि समोर पोळ्या लाटणारी बहीण पंचवीस वर्षांत दिसली नाही.

मी काही बोललो नाही. भाचा दारात उभा होता, त्यानं ऐकलं. तो म्हणाला, "आई, तू पोल डाइव्ह मारायचीस?" ताई म्हणाली, "मारायचे म्हणजे? बाहेरच्या टीमची मुलं बघायला थांबायची." आणि मग पोळी करपली.

आत्ता ऑक्टोबर चालू आहे. भाचा तीन दिवस जातो. सात जमतात, कधी सहा. एका पोराच्या आईला पटवायला मला दोन फोन आणि एक चहा लागला. सहामाहीत त्याला गणितात कमी पडलेत, ते मी तुमच्यापासून लपवत नाही, त्यावरून घरात एकदा वाजलंय आणि परत वाजेल. ताई त्याला ग्राउंडवर सोडायला जाते. पहिले दोन आठवडे गाडीवरच बसून राहायची. आता तो खेळतो तेवढ्या वेळात ती मैदानाला चकरा मारते, आणि तिच्याबरोबर त्या चहावाल्या काकूही. मागच्या रविवारी तिनं मला फोटो पाठवला, चप्पल काढून ठेवलेली, पाय लाल. खाली काही लिहिलं नव्हतं.

मी इकडे सकाळी बारा नमस्कार घालतो. भाच्याशी पैज आहे, जो चुकवेल त्यानं शंभर रुपये द्यायचे. आतापर्यंत माझे नऊशे गेलेत.

पुढच्या भागात औंधचीच एक भन्नाट गोष्ट आहे. आटपाडीजवळ १९३९ मध्ये भिंती नसलेला तुरुंग उभा राहिला, स्वतंत्रपूर नावाचा, आणि त्यावरून शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला. तुमच्या घरात कोणी औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेलं असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून मला नक्की पाठवा. आणि तुमच्या बहिणीनं शाळेत काय खेळलं होतं तेही आज विचारून टाका. भेटू.